क्लब कशाने जगतो?

वऱ्हाडातील कोणत्याही तालुक्याच्या गावी गेल्यास खेळाच्या दोन खुणा बहुधा आढळतात. एक म्हणजे मारुतीच्या देवळाजवळचा आखाडा. आणि दुसरी म्हणजे एखाद्या शाळेच्या मैदानाच्या कडेला उभे असलेले बास्केटबॉलचे दोन खांब. आखाड्यातील माती कधी खणलेली असते, कधी दगडासारखी घट्ट झालेली असते. खांबांवरील लोखंडी कडी बहुतेक वेळा वाकलेली असते आणि तिची जाळी केव्हाच नाहीशी झालेली असते. चांदूर बाजारसारख्या संत्र्यांच्या आणि कापसाच्या पट्ट्यातील गावांत तरुणांची मंडळे उत्साहाने स्थापन होतात, नामफलक लागतो, एखाद्या प्रतिष्ठिताच्या हस्ते नारळ फुटतो, दोन-तीन वर्षे सामने रंगतात. पुढे मुले शिक्षणासाठी अमरावती, नागपूर, पुणे गाठतात आणि फलकावरचा रंग उडू लागतो. दहा वर्षांनी दुसरी पिढी नव्या नावाने तेच मंडळ पुन्हा स्थापन करते.

असे का होते? काही क्रीडासंस्था दोन पावसाळे पाहत नाहीत आणि काही शंभरी ओलांडतात, यातील भेद कशाचा? पैशाचा म्हणावे, तर भरपूर पैसा असलेल्या संस्थाही बुडाल्या आहेत. गुणी खेळाडूंचा म्हणावे, तर गुणी मुले आपल्या गावांत काल होती आणि आजही आहेत. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी बास्केटबॉल हा खेळ फार सोयीचा आहे. कारण त्याचा जन्म कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत, कोणाच्या हातून झाला हे ठाऊक आहे. तो आपल्या देशात कसा आला, महाराष्ट्रात कोठे रुजला आणि कोठे रुजला नाही, हेही बऱ्याच अंशी सांगता येते. त्याच्या शेजारी आपल्या अमरावतीच्या एका आखाड्याचा इतिहास ठेवून पाहिला, तर उत्तर आपोआप पुढे येते.

चौदा दिवसांची मुदत

जेम्स नेस्मिथ यांचा जन्म १८६१ साली कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात झाला. नऊ वर्षांचे असताना विषमज्वराने त्यांचे आईवडील गेले व नातलगांनी त्यांना वाढविले. पुढे त्यांनी माँट्रिअल येथे धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले. प्रेस्बिटेरियन पंथाचे पाळक व्हावयाचे, हा त्यांचा मार्ग जवळजवळ ठरलेला होता. परंतु तरुणांना चांगल्या मार्गावर ठेवण्याचे कार्य व्यासपीठावरून जसे करता येते, तसेच मैदानावरूनही करता येईल असे त्यांना वाटू लागले आणि ते अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात गेले. ज्या काळात खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय असे अनेक धर्मनिष्ठ घरांत मानले जाई, त्या काळात हा निर्णय सोपा नव्हता.

स्प्रिंगफील्डचे हे विद्यालय म्हणजे खेळाडूंचा क्लब नव्हता. गावोगावच्या वायएमसीए शाखांसाठी व्यायामशिक्षक आणि कार्यवाह तयार करणारी ती संस्था होती. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढील सर्व इतिहास तिच्यावर उभा आहे.

१८९१ च्या हिवाळ्यात तेथे अठरा विद्यार्थ्यांचा एक वर्ग होता. बाहेर बर्फ असल्याने मैदानी खेळ बंद होते आणि व्यायामशाळेतील त्याच त्या कवायतींना हे तरुण कंटाळले होते. दोन शिक्षकांनी या वर्गापुढे हात टेकले होते. विभागाचे प्रमुख ल्यूथर गुलिक यांनी नेस्मिथ यांना चौदा दिवसांची मुदत दिली: छपराखाली खेळता येईल, धसमुसळेपणाला वाव नसेल आणि तरुणांचे मन रमेल असा खेळ तयार करा. नेस्मिथ यांनी ठाऊक असलेले सगळे खेळ आत आणून पाहिले. ते जमले नाहीत. मग त्यांनी विचार केला, की धक्काबुक्की होते ती चेंडू हातात घेऊन धावल्यामुळे. तेव्हा चेंडू घेऊन धावण्यासच बंदी केली. चेंडू जोराने मारल्यामुळे इजा होते. तेव्हा लक्ष्य डोक्याच्या वर, आडवे ठेवले, म्हणजे चेंडू हळुवार उंच टाकावाच लागेल. त्यांनी विद्यालयाच्या रखवालदाराकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती. पीच नावाच्या फळाच्या दोन टोपल्या तेवढ्या होत्या. सज्जाच्या कठड्याला त्या ठोकल्या गेल्या. कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता, म्हणून आजही जगभर बास्केटबॉलची कडी दहा फुटांवरच असते. तेरा नियम टंकलिखित करून फलकावर लावले गेले आणि डिसेंबर १८९१ मध्ये नऊ-नऊ जणांचे दोन संघ फुटबॉल हाती घेऊन उभे राहिले. त्या पहिल्या सामन्यात एकच गोल झाला असे सांगतात. टोपलीला बूड असल्याने चेंडू काढावयास शिडी आणावी लागे!

एका विद्यार्थ्याने या खेळाला नेस्मिथ यांचेच नाव द्यावे असे सुचविले, तेव्हा त्यांनी ते हसण्यावारी नेले. मग त्याच विद्यार्थ्याने ‘बास्केट बॉल’ हे नाव पुढे केले. पुढच्याच महिन्यात विद्यालयाच्या नियतकालिकात नियम छापून आले. त्या वर्गातील तरुण शिक्षक होऊन निरनिराळ्या ठिकाणी गेले आणि जेथे गेले तेथे टोपली टांगली. जवळच्याच स्मिथ कॉलेजातील सेंडा बेरेन्सन या तरुण ज्यू शिक्षिकेने १८९२–९३ च्या सुमारास नियमांत थोडे फेरफार करून तो मुलींना शिकविला. मुलींनी घाम गाळणे अशोभनीय मानले जाई, त्या काळातील ही गोष्ट आहे. अवघ्या काही वर्षांत एक खेळ अनेक देशांत पोहोचला, तो खेळाडूंच्या दौऱ्यांमुळे नव्हे. शिकविण्यासाठीच बाहेर पडलेल्या माणसांनी तो सोबत नेला.

भाड्याचे सभागृह

खेळाच्या या घोडदौडीने स्वतः वायएमसीएची मात्र पंचाईत केली. दहा जण खेळू लागले की सगळी व्यायामशाळा अडून राही आणि इतर सभासद खोळंबत. शिवाय नियम काहीही म्हणोत, धक्काबुक्की वाढू लागलीच. काही शाखांनी या खेळाला दार बंद केले. बाहेर पडलेल्या संघांनी सभागृहे भाड्याने घेतली. भाडे भागविण्यासाठी प्रेक्षकांकडून प्रवेशमूल्य घेतले. आणि भाडे देऊन उरलेली रक्कम खेळाडूंत वाटून घेतली. न्यू जर्सी राज्यातील ट्रेंटन येथे १८९६ साली प्रत्येक खेळाडूला पंधरा डॉलर मिळाले, अशी कथा प्रसिद्ध आहे.

अर्धव्यावसायिक क्रीडासंघ म्हणतात तो असा जन्माला आला. दिवसा कारखान्यात किंवा दुकानात काम, सायंकाळी सराव, शनिवारी सामना आणि खिशात थोडी मिळकत. या व्यवस्थेला नाक मुरडण्याचे कारण नाही. गरिबाच्या मुलाला केवळ हौस परवडत नाही. खेळाने त्याच्या घरातील चुलीला थोडा हातभार लावला, तर त्यात अनीती काही नाही. परंतु येथेच एक फाटा फुटतो. भाड्याच्या सभागृहातील संघ प्रेक्षक येतात तोवरच जगतो. प्रेक्षक दुसरीकडे वळला, की सभागृहाचे दिवे मालवतात.

मद्रासचे विद्यालय

पहिल्या सामन्यातील एका संघाचा प्रमुख डंकन पॅटन याने १८९४ मध्ये हा खेळ हिंदुस्थानात आणला, असे त्या खेळाच्या इतिहासात सांगितले जाते. पण त्याला खरे मूळ धरण्यास आणखी पाव शतक लागले. स्प्रिंगफील्ड येथेच शिकलेले हॅरी क्रो बक हे अमेरिकन गृहस्थ १९१९ मध्ये भारतात आले आणि १९२० मध्ये त्यांनी मद्रास येथे वायएमसीएचे शारीरिक शिक्षणाचे विद्यालय सुरू केले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय पथकाचे ते व्यवस्थापक होते. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे विद्यालय आज शंभर वर्षांपेक्षा जुने आहे.

बक यांनी मद्रासमध्ये उत्तम संघ उभारून देशभर सामने जिंकत फिरावयाचे ठरविले असते, तर त्यांचे नाव काही काळ गाजले असते. त्यांनी शिक्षक घडविले. हे शिक्षक देशातील शाळा-महाविद्यालयांत, वसतिगृहांत आणि मिशनच्या आवारांत गेले. १९३४ मध्ये दिल्लीत पहिली राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा भरली आणि १९५० मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघ स्थापन झाला. त्यापूर्वी किमान एक पिढी मैदानावर राबून गेली होती.

नागपाड्याची गल्ली

महाराष्ट्रात या खेळाचे तीर्थक्षेत्र कोणते, असे जाणकाराला विचारले तर तो कोणत्याही भव्य क्रीडासंकुलाचे नाव घेणार नाही. तो मुंबईतील नागपाड्याचे नाव घेईल. भायखळ्याच्या पश्चिमेची ही दाट वस्ती. गिरण्यांतील कामगार, छोटे कारागीर, दुकानदार आणि मजूर यांच्या चाळी, अरुंद गल्ल्या, बहुसंख्य मुसलमान कुटुंबे, शेजारी ख्रिस्ती, हिंदू व ज्यू.

मराठी वाचकांना अमेरिकन मराठी मिशन हे नाव अपरिचित नाही. १८१३ पासून मुंबई इलाख्यात काम करीत असलेल्या या मिशनतर्फे क्लिफर्ड मॅनशार्ट हे धर्मोपदेशक १९२५ मध्ये मुंबईस आले. त्यांनी ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ स्थापन केले. वस्तीतील लोकांची जात अथवा धर्म न विचारता त्यांच्या आरोग्याची, शिक्षणाची आणि फावल्या वेळाची काळजी घेणारे घर, असा त्याचा उद्देश होता. १९३६ मध्ये याच वास्तूत मॅनशार्ट यांच्या संचालकत्वाखाली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. वस्तीतील पोरांना या घराने बास्केटबॉल दिला. क्रिकेटला मैदान लागते. नागपाड्यात मैदान कोठून येणार? बास्केटबॉलला अठ्ठावीस मीटर लांब व पंधरा मीटर रुंद एवढी जागा पुरते, आणि एका चेंडूवर दहा मुले खेळतात. दाट वस्तीला इतका परवडणारा खेळ दुसरा नाही.

चेंडू मिशनने दिला खरा. पण खेळ वस्तीने आपला केला. त्याचे श्रेय नागपाड्यातील लोक एका माणसाला देतात: बच्चूखान. या प्रशिक्षकाच्या हाताखालून मुलांच्या पिढ्या गेल्या. गल्लीतली, बारक्या अंगाची मुले उंच प्रतिस्पर्ध्यांना चपळाईने आणि अचूक फेकीने मागे टाकू लागली. नागपाड्याचे खेळाडू मुंबईच्या आणि महाराष्ट्राच्या संघांत तर आलेच, पण भारतीय संघातही पोहोचले. त्यांतील सर्वांत गाजलेले नाव म्हणजे अब्बास मुंतासिर. ते भारताचे कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

या खेळाडूंचे पोट कशावर चाले? आपल्याकडे अर्धव्यावसायिकतेने वेगळेच रूप घेतले. रेल्वे, पोलीस, बँका आणि मोठमोठे कारखाने चांगल्या खेळाडूला नोकरी देत; तो दिवसा कचेरीत हजेरी लावी आणि संस्थेच्या संघातून खेळे. खेळाडूला पगार मिळाला, निवृत्तिवेतनाची हमी मिळाली. नागपाड्यासारख्या वस्तीतील मुलासाठी ही गोष्ट फार मोठी होती. चेंडूने एकेका घराचे दैव पालटले. पण या व्यवस्थेत वस्तीच्या क्लबाच्या वाट्याला काय आले? त्याने घडविलेला खेळाडू सामन्याच्या दिवशी दुसऱ्याच संस्थेचा गणवेश घालून उतरत असे. ज्या क्लबाचे सर्वस्व त्याच्या उत्तम पाच खेळाडूंत असते, तो क्लब ते पाच जण गेल्यावर संपतो. नागपाडा संपले नाही, कारण त्याचे सर्वस्व शिकविण्यात होते. पाच गेले तरी मागे पंधरा तयार होत होते.

१९३६ सालचे बर्लिन

ऑगस्ट १९३६ मध्ये बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले. हिटलरच्या राजवटीने आपला डामडौल दाखविण्यासाठी मांडलेला तो उत्सव होता. याच उत्सवात बास्केटबॉलला प्रथमच ऑलिंपिकमध्ये पदकाचे स्थान मिळाले. पंचाहत्तरीला टेकलेले नेस्मिथ तेथे उपस्थित होते. प्रवासखर्च करण्याइतकी त्यांची ऐपत नव्हती. अमेरिकेतील बास्केटबॉल प्रशिक्षकांच्या संघटनेने सामन्यांतून नाणे-नाणे गोळा करून त्यांना पाठविले. अंतिम सामना उघड्या मैदानावर, पावसात, चिखलात झाला. चेंडू उसळेनासा झाला होता. अमेरिकेने कॅनडावर १९–८ अशी मात केली.

नेस्मिथ यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कॅन्सास विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि तेथील संघाचे ते पहिले प्रशिक्षक होते. त्यांच्या कारकिर्दीत संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. त्या विद्यापीठाच्या प्रदीर्घ इतिहासात विजयांपेक्षा पराभव अधिक असलेला प्रशिक्षक एकच, आणि तो म्हणजे या खेळाचा जनक! पण त्यांचा शिष्य फॉग ॲलन हा अमेरिकेतील थोर प्रशिक्षकांत गणला गेला, आणि ॲलन यांच्या हाताखालून पुढचे थोर प्रशिक्षक निघाले. बास्केटबॉलला ऑलिंपिकमध्ये आणण्यासाठी झटणाऱ्यांतही ॲलन हे प्रमुख होते. नेस्मिथ यांच्या जयापजयाचा ताळेबंद तोट्याचा होता. त्यांच्या शिष्यपरंपरेचा ताळेबंद अजून पूर्ण झालेला नाही.

आणि आता वऱ्हाडाकडे वळू. कारण त्याच महिन्यात, त्याच बर्लिन शहरात, आपल्या अमरावतीचे एक पथक कबड्डी, मल्लखांब आदी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवीत होते. ते पथक श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे होते.

अमरावतीचा आखाडा

या मंडळाचा आरंभ १९१४ मधला. अंबादासपंत वैद्य आणि त्यांचे बंधू यांनी अमरावतीत एक आखाडा काढला. परकीय सत्तेचा काळ. तरुणांनी बलवान व्हावे आणि शिस्त शिकावी ही त्यामागची तळमळ. आखाडे त्या वेळी वऱ्हाडात पुष्कळ होते. त्यांतील बहुसंख्य आखाडे त्यांच्या वस्तादांबरोबरच संपले. एखादा नामांकित पहिलवान निघाला की गर्दी व्हावी, तो थकला की माती सुकावी, असा त्यांचा क्रम असे.

वैद्य बंधूंनी वेगळी वाट धरली. १९२४ पासून मंडळाने उन्हाळी प्रशिक्षणवर्ग सुरू केले. उन्हाळ्याच्या सुटीत निरनिराळ्या गावांचे तरुण आणि शिक्षक अमरावतीस यावेत, लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती, देशी खेळ पद्धतशीर शिकावेत आणि परत जाऊन आपल्या गावी शिकवावेत, अशी ती योजना होती. जी विद्या वस्तादाच्या अंगात राहत होती व त्याच्याबरोबर चितेवर जात होती, ती अभ्यासक्रमात आली. आखाड्याचे विद्यालय झाले. पुढे शारीरिक शिक्षणाची महाविद्यालये निघाली. वैद्य घराण्यातील प्रभाकरराव वैद्य यांना २०१२ मध्ये पद्मश्री किताबाने गौरविण्यात आले. विदर्भातील शाळांमधून शिट्टी गळ्यात अडकवून उभे राहिलेल्या व्यायामशिक्षकांपैकी कितीतरी जण याच प्रांगणातून बाहेर पडलेले आहेत.

स्प्रिंगफील्ड आणि अमरावती यांच्यात कोणताही बाह्य संबंध नाही. एका ठिकाणी ख्रिस्ती तरुणांची संघटना, दुसऱ्या ठिकाणी हनुमंताच्या नावाने चाललेले राष्ट्रीय वृत्तीचे मंडळ. एका ठिकाणी टोपली, दुसऱ्या ठिकाणी मल्लखांब. श्रद्धा भिन्न, उद्देश भिन्न, खेळही भिन्न. तरीही दोन्ही संस्थांनी एकच गोष्ट केली. जिंकणारे निपजावेत म्हणून त्या थांबल्या नाहीत. त्यांनी शिकविणारे घडविले आणि त्यांना दूर पाठविले. दोन्ही शंभरीपार गेल्या.

तीन वर्षांची झगमग

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१५ मध्ये अमेरिकन पाठबळावर ‘यूबीए’ ही व्यावसायिक बास्केटबॉल लीग भारतात सुरू झाली. शहरांच्या नावाने संघ आले. त्यांत ‘पुणे पेशवाज’ आणि ‘मुंबई चॅलेंजर्स’ हे आपल्या राज्याचे दोन. गणवेश होते, दिवे होते, दूरचित्रवाणी होती, खेळाडूंना मानधन होते. २०१७ नंतर ती लीग राहिली नाही. त्यानंतर २०२२ पासून ‘आयएनबीएल’ ही नवी लीग भारतीय महासंघाच्या पुढाकाराने उभी राहिली.

यूबीएच्या खेळाडूंना कोणी हसू नये. या देशात केवळ खेळावर पोट भरण्याची संधी किती थोड्यांना मिळते! त्यांनी ती घेतली यात गैर काहीच नाही. लीगही असाव्यात, त्या मुलांच्या डोळ्यांपुढे स्वप्न ठेवतात. पण एक साधी गोष्ट तपासावी. संघाला शहराचे नाव मिळाल्याने तो संघ शहराचा होत नाही. संध्याकाळी पाच वाजता शहरातील एखाद्या गल्लीत त्या संघामुळे कोणी दहा वर्षांच्या मुलाच्या हाती चेंडू देत असेल, तरच तो त्या शहराचा. ट्रेंटनचे भाड्याचे सभागृह आणि आजची लीग यांत सव्वाशे वर्षांचे अंतर आहे; परंतु दोन्हींचा प्राण प्रेक्षकात आहे. नागपाड्याच्या मैदानाचा प्राण शिकणाऱ्या मुलात आहे. प्रेक्षक एका हंगामात निघून जातो. मुले मात्र दरवर्षी नवी जन्माला येतात.

आपले आवार

कॅथोलिक परंपरेला हे सूत्र नवे नाही. १८४१ मध्ये इटलीतील ट्यूरिन शहरात तरुण धर्मगुरू जॉन बॉस्को यांनी रस्त्यावरच्या मुलांना गोळा करावयास सुरुवात केली, तेव्हा प्रार्थना आणि धर्मशिक्षण यांच्या जोडीला त्यांनी अंगणातील खेळ ठेवला. हे अंगण म्हणजे वर्गानंतरचा विरंगुळा नव्हता. ते संस्काराचे स्थानच होते. त्यांच्या पद्धतीत मोठ्यांनी मुलांवर दुरून नजर ठेवावयाची नव्हती, त्यांच्यात मिसळून खेळावयाचे होते. अंगणात खेळलेल्या त्यांच्याच मुलांतून पुढे सलेशियन संस्थेचे पहिले सभासद निघाले. येथेही तेच: शिकलेल्यातून शिकविणारा.

आता आपल्या धर्मग्रामांकडे पाहू. विदर्भातील आपली कुटुंबे थोडी आणि विखुरलेली आहेत. मुले दहावी-बारावीनंतर बाहेर जातात, ती नोकरीलाही बाहेरच राहतात. ‘मुलेच उरली नाहीत, क्लब कोणासाठी काढावयाचा?’ असा प्रश्न अनेक जण विचारतात, आणि त्यात तथ्य आहे. आपल्याकडे जी युवक मंडळे चालतात ती एखाद्या उत्साही तरुणाच्या बळावर चालतात. तो गेला की चेंडू कपाटात जातो. वर जे इतिहास पाहिले, त्यांतील कोणत्याही संस्थेची परिस्थिती आरंभी आपल्यापेक्षा चांगली नव्हती. स्प्रिंगफील्डच्या वर्गात अठराच विद्यार्थी होते, आणि तेही सगळे एक दिवस निघून जाणार होते. निघून जाण्यासाठीच ते तेथे आले होते. नागपाड्याला मैदान नव्हते. अमरावतीच्या आखाड्याला राज्यकर्त्यांचा आश्रय नव्हता.

म्हणून मुले जातात याचे दुःख करण्यापेक्षा ती काय घेऊन जातात, याचा विचार अधिक उपयोगी ठरेल. सोळा वर्षांच्या मुलामुलींनी दहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोन दिवस शिकवावे, असा शिरस्ता एखाद्या धर्मग्रामाने घातला, तर तो मुलगा किंवा ती मुलगी पुण्याला जाईपर्यंत मागे आणखी दोघे तयार झालेले असतील. मुलींना येथे वगळून चालणार नाही. सेंडा बेरेन्सन यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी जे केले, ते करण्यास आपण अजूनही कचरतो. सातवीनंतर मुलींचे मैदान आपल्या घरांतून हळूच बंद होते. आणि आवारात केवळ आपलीच मुले खेळावीत असाही आग्रह नको. नागपाड्याच्या घराने दारात कोणाचा धर्म विचारला नाही, म्हणून ते घर वस्तीचे झाले.

धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत मैदानाचा विषय निघाला की चर्चा खांबांच्या किमतीवर, सिमेंटच्या थरावर आणि देणगीदाराच्या नावाच्या फरशीवर होते. हे सगळे लागतेच. पण त्याआधी एक प्रश्न विचारला जावा: रोज पाच वाजता तेथे कोण उभे राहणार, आणि तो गेल्यावर कोण? या प्रश्नाला दोन नावे मिळाली, तर खांब जुने असले तरी चालतील. नावे मिळाली नाहीत, तर नव्या खांबांची कडीही पाच वर्षांत वाकलेली दिसेल.

नागपाड्यातून भारतीय संघात गेलेले खेळाडू अनेक. देशाच्या कर्णधाराचे नावही त्यांत आहे. पण तेथील महानगरपालिकेच्या क्रीडांगणाला नाव देण्याची वेळ आली, तेव्हा ते दिले गेले बच्चूखान यांचे. मुलांना शिकविणाऱ्या माणसाचे.